आलिशान मोटारीचीं दुखणीं

इंग्लंडांतील श्रीमंत माणसें सतराव्या व अठराव्या शतकांत शहरांतून फिरतांना एका बंद खुर्चींत बसत. खुर्चीला दोन्ही बाजूंना लांब दांडे असत आणि पुढें एक व मागें एक असे दोन भोई ते दांडे उचलून चालत. महाराष्ट्रांत ज्याला मेणा म्हणत त्याच्याच जातीचें हें वाहन. आंतल्या माणसाला ऊन लागत नसे, चिखल उडत नसे, आणि पडदा ओढून घेतला म्हणजे भोयांना लागलेली धापहि ऐकूं येत नसे. या खुर्चीला इंग्रजींत 'सेडन' म्हणत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत अमेरिकेंत चारी बाजूंनीं बंद अशा मोटारी विकावयास आल्या, तेव्हां त्यांना हेंच जुनें नांव मिळालें. नांव देणाऱ्यांना कदाचित् केवळ डौल सुचवावयाचा असेल. परंतु पुढील शंभर वर्षांकडे पाहतां तें नांव फार अन्वर्थक ठरलें. उंची मोटारीचा इतिहास म्हणजे आंत बसलेल्या माणसाचे कष्ट कमी करण्याचा इतिहास आहे. आणि त्याच मानानें, आपल्याला वाहून नेणाऱ्या यंत्राला काय होत आहे हें त्याला कळेनासें होण्याचाहि तो इतिहास आहे.

आरंभींच्या मोटारींत असा पडदा मुळींच नव्हता. श्रीमंतांच्या गाडीवर नेमलेल्या नोकराला फ्रेंच भाषेंत 'शोफर' म्हणूं लागले. त्या शब्दाचा मूळ अर्थ भट्टी पेटती ठेवणारा, म्हणजे आगवाला, असा आहे. गाडी हांकणें हें त्याचें निम्मेंच काम होतें. गाडी चालती ठेवणें हें दुसरें निम्में. ठिकठिकाणीं हातानें तेल घालावें लागे. ठिणगी लवकर पाडावयाची कीं उशिरा, हें सुकाणूच्या चाकावरील एका लहानशा दांडीनें क्षणोक्षणीं ठरवावें लागे. इंजिन अडलें म्हणजे तपासणीचा क्रम ठरलेला असे. पेट्रोल येत आहे काय? ठिणगी पडत आहे काय? सिलिंडरांत दाब धरला जात आहे काय? या तीन प्रश्नांच्या बाहेरचें दुखणें क्वचितच निघे. वैद्यानें जीभ पाहावी तसा कुशल मिस्त्री प्लग काढून त्याचें टोंक पाही. टोंक काळें व काजळीनें भरलेलें असेल तर पेट्रोलचें मिश्रण दाट. पांढुरकें व भाजलेलें असेल तर मिश्रण विरळ किंवा ठिणगीची वेळ चुकलेली. ओलें व तेलकट असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या. यंत्राचें दुखणें तेव्हां डोळ्यांना दिसे, कानांना ऐकूं येई आणि हातांना लागे.

अशा काळांत, आपली गाडी अडत नाहीं हें सिद्ध करणें हीच श्रीमंत गिऱ्हाइकापुढें मिरविण्याची सर्वांत मोठी गोष्ट होती. १९०४ सालीं मँचेस्टर येथें हेन्री रॉइस हा यंत्रकार आणि चार्ल्स रोल्स हा उमराव घराण्यांतला मोटारींचा व्यापारी यांची भेट झाली. १९०६ सालीं त्यांनीं सहा सिलिंडरांची '४०/५०' ही गाडी प्रदर्शनांत मांडली. पुढच्या वर्षीं यांतीलच एका गाडीला रुपेरी रंग देऊन 'सिल्व्हर घोस्ट' असें नांव ठेवण्यांत आलें, आणि रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या निरीक्षकांच्या देखरेखीखालीं तिला १५,००० मैलांच्या चाचणीवर धाडण्यांत आलें. लंडन व ग्लासगो या शहरांमध्यें ती खेपा घालीत राहिली. ६२९ मैल झाल्यावर गाडी एकाएकीं थांबली. इंजिन मोडलें नव्हतें, आंस तुटला नव्हता; पेट्रोलच्या नळीवरील लहानशी तोटी हादऱ्यांनीं आपोआप फिरून बंद झाली होती. ती उघडल्यावर उरलेले १४,३७१ मैल गाडी एकदांहि आपण होऊन थांबली नाहीं. चाचणीनंतर सर्व भाग सुटे करून तपासले, तेव्हां झिजलेले भाग बदलण्याचा खर्च दोन पौंडांहून किंचित् अधिक भरला.

या आंकड्यांचा गाजावाजा पुष्कळ झाला. परंतु खरा धडा त्या तोटींत होता. जगांतील उत्तम इंजिनाला जें कोणी थांबवूं शकलें तें एक हलणारें टोपणाएवढें पितळ होतें. मोठ्या यंत्राचा घात बहुधा लहान भागाकडून होतो, म्हणून तपासणीनें नेहमीं सोप्याकडून अवघडाकडे जावें, हा नियम त्या ६२९ व्या मैलावर जितका स्पष्ट दिसला तितका क्वचितच दुसरीकडे दिसला असेल.

पुढच्याच वर्षीं, १९०८ मध्यें, याच जातीची 'पर्ल ऑफ दि ईस्ट' नांवाची गाडी जहाजानें मुंबईस आली आणि मुंबई-कोल्हापूर मार्गावरील मोटारींच्या चाचणींत तिनें भाग घेतला. ६२० मैलांचा प्रवास व वाटेंतील सहा घाट तिनें न अडतां पार केले. नंतर ग्वाल्हेरच्या महाराजांनीं ती विकत घेतली. सह्याद्रीचे घाट ही विलायती रस्त्यांहून अगदीं निराळी परीक्षा होती. चढावर गाडी खालच्या गिअरांत सावकाश चाले; म्हणजे इंजिन जोरानें फिरे, पण रेडिएटरवर समोरून येणारा वारा मात्र कमी पडे. पाणी उकळे आणि वाफ उसळे. अनुभवी चालक अशा वेळीं गाडी वाऱ्याच्या तोंडास उभी करी, टोपण लगेच उघडीत नसे आणि तापलेल्या इंजिनांत एकदम थंड पाणी ओतीत नसे. कारण पहिल्या चुकीनें हात भाजे आणि दुसरीनें ओतीव लोखंडाला तडा जाई. हे नियम शंभर वर्षांनंतरहि बदललेले नाहींत.

गाडी वाटेंत अडण्याचें भय असें कमी होत गेलें, तरी ती सुरू करण्याचे कष्ट कायम होते. समोर उभें राहून हॅंडल मारावें लागे. ठिणगी उशिरा पाडण्याची दांडी आधीं मागें घेण्यास चालक विसरला तर इंजिन उलट झटका देई आणि मनगटाचें हाड मोडे. आंगठा दांड्याभोंवतीं न गुंडाळतां बोटांच्याच बाजूस ठेवावा, ही शिकवण नव्या चालकाला पहिल्या दिवशीं मिळे. अमेरिकेंतील डेट्रॉइट येथील कॅडिलॅक कंपनीचा प्रमुख हेन्री लेलंड याला हा धोका नाहींसा करावयाचा होता. हा माणूस सुबकपणाचा मोठा भोक्ता. १९०८ सालीं त्याच्या कंपनीच्या तीन गाड्या इंग्लंडांत ब्रुकलंड्स येथें सुट्या करण्यांत आल्या, त्यांचे भाग एकमेकांत मिसळण्यांत आले, आणि पुन्हां जोडलेल्या त्या गाड्या ५०० मैल चालल्या. एका गाडीचा भाग दुसरीला बिनचूक बसतो हें सिद्ध झालें, आणि मिस्त्रीनें कानस घेऊन प्रत्येक भाग घासून बसविण्याचे दिवस सरत आले.

विजेनें इंजिन सुरू करण्याचें काम लेलंडनें ओहायो प्रांतांतील डेटन गांवच्या चार्ल्स केटरिंग याला सोंपविलें. केटरिंगनें पूर्वीं दुकानांतील गल्ल्याच्या यंत्राला विजेची लहान मोटर बसविली होती. जी मोटर दिवसभर चालावयाची नसून क्षणभरच जोर करावयाची आहे, ती आकारानें लहान असली तरी पुरते आणि तिच्यावर नेहमींपेक्षां पुष्कळ अधिक भार टाकतां येतो, हें त्यानें तेथें ओळखलें होतें. तीच युक्ति मोटारीस लागू पडली. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांत इंजिन सुरू करणें, दिवे लावणें आणि ठिणगी पाडणें हीं तिन्ही कामें विजेच्या एकाच व्यवस्थेनें होऊं लागलीं.

हॅंडलाचा धोका गेला आणि ज्यांच्या मनगटांत तेवढा जोर नव्हता अशा असंख्य स्त्रीपुरुषांना मोटार स्वतः चालवितां येऊं लागली. ही लहान गोष्ट नव्हे. परंतु दुखणें नाहींसें झालें नाहीं. त्याची जागा बदलली. आतां सारा भार बॅटरीवर आला. हॅंडल मारणाऱ्याला इंजिन जड फिरतें कीं हलकें हें हातानेंच कळे; बटण दाबणाऱ्याला तें कळेना. मिस्त्रींनीं मग कानाचा आश्रय घेतला. बटण दाबतांच 'टकटकटक' असा भराभर आवाज आला तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिच्या टोंकांवर क्षार चढला आहे असें समजावें. एकच जड 'टक्' येऊन सारें शांत झालें तर स्टार्टर अडकला किंवा झिजला असावा. इंजिन जोमानें फिरूनहि पेट घेत नसेल तर बॅटरीला दोष न देतां पुन्हां पेट्रोल व ठिणगी पाहावी. आजच्या पेट्रोल गाडीलाहि हें निदान जसेंच्या तसें लागू पडतें.

यानंतरच्या वीस वर्षांत चालकाच्या हातापायांवरचें ओझें भराभर उतरत गेलें. १९१९ सालीं पॅरिस येथें हिस्पानो-सुइझा गाडीनें चारी चाकांच्या ब्रेकांना यंत्राच्याच शक्तीची जोड दिली. १९२१ सालीं अमेरिकेंतील ड्यूसेनबर्ग गाडींत ब्रेकचा जोर तारा व दांड्यांऐवजीं नळींतील द्रवानें चाकांपर्यंत पोंचूं लागला. १९२८ सालीं कॅडिलॅकनें गिअर बदलतांना दांते घासून होणारा कर्कश आवाज बंद करणारी योजना आणली. प्रत्येक सोयीबरोबर तिचें स्वतःचें दुखणें आलें. ब्रेकच्या नळींत हवा शिरली कीं पेडल स्पंजासारखें दबूं लागे. कारण हवा दाबली जाते, द्रव दाबला जात नाहीं. चाकाजवळचा स्क्रू सैल करून ती हवा काढावी लागे. पण हें दुखणें अजून चालकाच्या पायाला कळत होतें.

पुढची पायरी केवळ सुखाची होती. १९४० सालच्या गाड्यांत पॅकार्ड कंपनीनें थंड हवेचें यंत्र बसवून देण्यास आरंभ केला. मागच्या आसनापाठीमागें, सामानाच्या पेटींतील बरीच जागा त्या यंत्रानें व्यापलेली असे. गार वारा सोडणारा पंखा बंद करतां येई. परंतु इंजिन फिरत असेपर्यंत पट्ट्यावरचा कॉम्प्रेसर फिरतच राही. तो थांबवावयाचा तर इंजिन बंद करून, खालीं उतरून, पुढचें झांकण उचलून पट्टा हातानें काढण्यावांचून दुसरा मार्ग नव्हता. शेंकडों डॉलर देऊन गारवा विकत घेणाऱ्या गृहस्थानें तो थांबविण्यासाठीं बाह्या वर सारून इंजिनांत हात घालावा, हें दृश्य मोठें विनोदी खरें. परंतु त्यांत एक समाधानहि होतें. यंत्र ऐकत नाहींसें झालें तरी त्याला थांबविण्याची अखेरची वाट मालकाच्या हातांत होती. त्याच सुमारास त्याच कंपनीच्या सर्वांत उंची गाडींत खिडक्यांच्या कांचा बटणानें वरखालीं होऊं लागल्या. दारावरचा कांच फिरविण्याचा दांडा नाहींसा होण्याचा तो आरंभ होता. त्या दांड्याची आठवण पुढें फार वेगळ्या प्रसंगीं व्हावयाची होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर उंची गाडीची शर्यत मऊपणाची व निःशब्दतेची झाली. १९५७ च्या कॅडिलॅक 'एल्डोराडो ब्रूम' गाडींत चाकांवर लोखंडी स्प्रिंगांऐवजीं हवेच्या गाद्या आल्या. त्या गाद्या व त्यांच्या झडपा गळूं लागल्या, गाडी बसूं लागली, आणि पुष्कळ मालकांनीं ती व्यवस्था काढून साध्या स्प्रिंगा बसवून घेतल्या. १९६३ सालीं जर्मनींत मर्सिडीझ-बेंझनें आपली '६००' ही गाडी दाखविली. तिच्यांत विजेच्या मोटरची घरघरसुद्धां कानीं पडूं नये म्हणून कांचा, आसनें आणि सामानाच्या पेटीचें झांकण हीं सारीं तेलाच्या दाबानें निःशब्द हालत. अशा गाडींत एक नळी पाझरूं लागली कीं एकमेकांशीं संबंध नसलेल्या अनेक सोयी एकदम आजारी पडतात.

हवेवर तोललेल्या आजच्या उंची सेडनांनाहि हेंच दुखणें आहे, आणि त्याचें निदान जुन्या पद्धतीनेंच उत्तम होतें. रात्रीं गाडी सपाट जागीं उभी करून चारी चाकांवरच्या कमानींची उंची मोजावी व सकाळीं पुन्हां मोजावी. जो कोपरा खालीं गेला असेल तेथील गादी किंवा तिची नळी गळते आहे. सांध्यांवर साबणाचें पाणी लावलें म्हणजे बुडबुडे नेमकी जागा दाखवितात. हवा भरणारें यंत्र वारंवार चालूं होऊन अखेर जळतें, तेव्हां अनेकजण तेंच बदलतात. पण गळती तशीच राहिली तर नवें यंत्रहि त्याच वाटेनें जातें. लक्षण दिसतें तेथें दोष असतोच असें नाहीं, ही गोष्ट येथें पैसे मोजून शिकावी लागते.

१९७८ सालीं मर्सिडीझच्या मोठ्या सेडनमध्यें चाकें न अडकूं देणारे संगणकनियंत्रित ब्रेक आले. निसरड्या रस्त्यावर असंख्य जीव वांचविणारी ही योजना खरोखर थोर आहे. परंतु तिच्याबरोबर एक नवी गोष्ट रूढ झाली: संगणक स्वतःची तपासणी करूं लागला, आणि कांहीं बिघडलें तर चालकाला पायानें किंवा कानानें कळण्याऐवजीं समोरच्या फलकावरील एका दिव्यानें कळूं लागलें.

१९८१ सालच्या कॅडिलॅकमध्यें या नव्या युगाचीं दोन्ही रूपें एकत्र पाहावयास मिळतात. तिचें आठ सिलिंडरांचें इंजिन, जोराची गरज कमी असतां, दोन किंवा चार सिलिंडरांना आपोआप विश्रांति देई. कल्पना चांगली होती. पुढें अनेक कंपन्यांनीं ती यशस्वी करून दाखविली. परंतु त्या वेळच्या संगणकाला हा निर्णय पुरेशा वेगानें व सफाईनें घेतां येत नव्हता. गाडी धक्के देई व मालक वैतागत. अखेर अनेक गाड्यांतील एक तार सोडवून ती व्यवस्थाच बंद करण्यांत आली, आणि बहुतेक गाड्यांतून कंपनीनेंहि ती वर्षभरांत काढून घेतली. मात्र याच गाडींत दुसरें एक नवल होतें. थंड-गरम हवेच्या फलकावरील 'ऑफ' व 'वॉर्मर' हीं दोन बटणें एकदम दाबलीं कीं तापमानाच्या जागीं क्रमांक उमटत. प्रत्येक क्रमांक म्हणजे गाडीनें स्वतः नोंदवून ठेवलेला एक दोष. मेण्याच्या पडद्याआडून प्रथमच भोयाचा आवाज आला. पण तो सांकेतिक भाषेंत.

ही भाषा सर्वांची व्हावी म्हणून पुढें कायदा करावा लागला. हवेचें प्रदूषण रोखण्यासाठीं अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यानें १९८८ सालच्या गाड्यांपासून स्वतपासणीची सक्ति केली. १९९६ सालापासून त्या देशांत विकल्या जाणाऱ्या सर्व मोटारींना सोळा खुंट्यांचें एकाच आकाराचें जोडस्थान आणि दोषांची एकच क्रमांकपद्धति आली. भारतांतहि २०१० नंतर ही व्यवस्था लागू होत गेली. त्यामुळें जें ज्ञान एकेका कंपनीच्या कारखान्यांत कोंडलेलें असतें, त्याचा कांहीं भाग कोपऱ्यावरच्या मिस्त्रीच्या व जिज्ञासू मालकाच्या हातीं आला.

परंतु क्रमांक म्हणजे रुग्णाची तक्रार. तें निदान नव्हे. उदाहरणार्थ 'पी ०१७१' हा क्रमांक इतकेंच सांगतो कीं मिश्रण विरळ होत आहे. एखाद्या रबरी नळीला चीर पडून जादा हवा आंत शिरत असेल, हवा मोजणारी तार मळली असेल, किंवा पेट्रोलचा पंप थकला असेल. जो मिस्त्री क्रमांक वाचून सरळ एखादा महाग भाग बदलतो तो मालकाच्या पैशांनीं जुगार खेळतो. विचारी मिस्त्री इंजिन मंद फिरत असतां आणि वेगांत असतां अशा दोन्ही वेळीं आंकडे पाहतो. मंद गतींत विरळपणा अधिक व वेगांत कमी असेल तर बहुधा हवा गळते आहे; वेगांत तो वाढत असेल तर पेट्रोल अपुरें पडत आहे. पेट्रोल येत आहे काय, ठिणगी पडत आहे काय, दाब धरतो काय, हे आगवाल्याचे तीन प्रश्न नव्या वेषांत पुन्हां उभे राहतात.

आजच्या उंची सेडनमध्यें कित्येक डझन लहान संगणक एकमेकांशीं तारांतून बोलत असतात. त्यांतून एक फसवें दुखणें जन्मास आलें आहे. एखाद्या सकाळीं फलकावर ब्रेक, सुकाणू, गिअर आणि हवेच्या गाद्या या सर्वांचे दिवे एकदम पेटतात आणि मालकाचें काळीज धसकतें. एवढे भाग एकाच रात्रीं मोडत नाहींत. अशा वेळीं पहिल्यानें बॅटरी तपासावी; विजेचा दाब कमी पडला कीं संगणकांचें बोलणें तुटतें आणि प्रत्येकजण दुसऱ्याची तक्रार नोंदवितो. नवी बॅटरीहि दोन-तीन दिवसांत उतरत असेल तर गाडी बंद असतां कोणी तरी जागें राहून वीज खात आहे. गाडीला कुलूप लावून पाऊण तास जाऊं द्यावा, मग बॅटरींतून निघणारा प्रवाह मोजावा. तो एका अँपिअरच्या विसाव्या भागाच्या आसपास असला तर चिंता नको. फार अधिक असला तर एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्या फ्यूजबरोबर आंकडा खालीं येईल त्याच वाटेवर चोर आहे.

कित्येक दुखणीं तर याहूनहि साधीं असतात. छपरांतील उघडत्या कांचेभोंवतीं पडणारें पाणी चार कोपऱ्यांतील बारीक नळ्यांनीं खालीं जातें. त्या नळ्या पालापाचोळ्यानें तुंबल्या तर तें पाणी गालिच्याखालीं सांचतें, आणि तेथेंच बसविलेले संगणक भिजतात. पावसाळ्यापूर्वीं त्या नळ्या मोकळ्या करून घेणें हें दहा मिनिटांचें काम. न केल्यास खर्च लाखांच्या घरांत जाऊं शकतो. १९०७ सालची ती पितळी तोटी अशा वेळीं आठवल्यावांचून राहत नाहीं.

येथवरचीं दुखणीं वेळेचीं व पैशांचीं झालीं. परंतु २६ जुलै २००५ या दिवशीं मुंबईला दुसरीच किंमत कळली. सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. रस्त्यांच्या नद्या झाल्या आणि हजारों मोटारी पाण्यांत अडकल्या. अनेक जणांनीं कांचा वर करून, पाऊस ओसरेल या आशेनें गाडींतच बसून राहणें पसंत केलें. बाहेरच्यापेक्षां आंत सुरक्षित वाटणें हें साहजिकच होतें. पाणी वर चढलें तसे विजेनें चालणाऱ्या कांचा व कुलपें निकामीं झालीं, बाहेरच्या पाण्याच्या दाबानें दारें उघडेनात, आणि कांहीं माणसें आपल्याच गाड्यांत गुदमरून किंवा बुडून दगावलीं. दारावर पूर्वीं जो एक वीतभर दांडा असे, तो त्या संध्याकाळीं अनेकांना हवा होता. त्यानंतर मुंबईंतील पुष्कळ मोटारवाल्यांनीं गाडींत लहान हातोडा ठेवण्यास सुरुवात केली.

या हातोड्याची कथाहि येथें संपत नाहीं. बाजूच्या खिडकीची साधी कडक कांच कोपऱ्यावर टोंकदार घाव बसतांच चुरा होऊन पडते. परंतु अनेक उंची सेडनांत आंतली शांतता वाढविण्यासाठीं दोन कांचांमध्यें पातळ पापुद्रा घालून केलेली कांच बाजूच्या खिडक्यांनाहि बसवितात. ती तडकते, पण फुटून मोकळी होत नाहीं. हातोडा तेथें निरुपयोगी ठरतो. बाहेरचा आवाज थांबविणारी भिंत आंतल्या माणसालाहि थांबविते. म्हणून अशा गाडीच्या मालकानें आपल्या कोणत्या खिडकीला कोणती कांच आहे हें कांचेच्या कोपऱ्यावरील खूण वाचून पाहावें, मागच्या खिडक्यांना व पाठीमागच्या कांचेला वेगळी कांच आहे काय हें ध्यानांत ठेवावें, आणि गाडी पाण्यांत सांपडलीच तर पट्टा सोडून पहिल्या मिनिटांतच, वीज चालूं आहे तोंच, कांच खालीं घ्यावी. विजेच्या कळीनें उघडणाऱ्या दारांना बहुधा हातानें ओढावयाची एक गुप्त खीळ दिलेली असते. बिनचावीच्या किल्लीच्या डबींतहि एक साधी लोखंडी चावी दडविलेली असते, आणि डबींतील सेल संपला तरी ती डबी सुरू करण्याच्या बटणाजवळ किंवा नेमून दिलेल्या जागीं धरल्यास गाडी बहुधा तिला ओळखते. यंत्रकारांनीं अखेरची वाट पुष्कळदां ठेवलेली असते. मात्र ती पुस्तिकेच्या अशा पानावर असते कीं जें पान मालकानें कधीं उलगडलेलें नसतें.

यावरून सोयी वाईट असें कोणी म्हणणार नाहीं. हॅंडल मारतांना मनगट मोडून घेण्यांत कांहींच पुरुषार्थ नव्हता, आणि न अडकणाऱ्या ब्रेकांनीं जितके प्राण वांचविले तितके जुन्या शोफरांच्या कौशल्यानें कधींच वांचले नसते. शंभर वर्षांच्या या इतिहासाचा निष्कर्ष इतकाच निघतो कीं, सोय दुखणें नाहींसें करीत नाहीं. ती त्याला आंत नेऊन ठेवते. सिल्व्हर घोस्टच्या शोफराला बंद झालेली तोटी शोधतां आली, कारण ती तोटी कोठें आहे हें त्याला ठाऊक होतें. आजच्या मालकाला गाडी स्वतः दुरुस्त करतां आली पाहिजे असें नाहीं. पण वीज गेल्यावर कोणतें दार कसें उघडतें, कोणता दिवा लागला असतां गाडी लगेच थांबवावी व कोणता लागला असतां घरापर्यंत जातां येतें, एवढें तरी त्याला ठाऊक असलें पाहिजे. तेलाच्या दाबाचा लाल दिवा आणि इंजिन तापल्याचा लाल दिवा हे पहिल्या जातीचे. त्यांच्यापुढें एक मैलहि अधिक जाऊं नये. पिवळा दिवा स्थिर असला तर बहुधा अवधि देतो. इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकूं लागला तर मात्र तो अवधि संपला असें समजावें.

जुन्या काळीं मेण्यांतून दूरचा प्रवास करणारा शहाणा माणूस मधून मधून पडदा सारून भोयांकडे पाही, चढ आला तर खालीं उतरून चार पावलें चाले. त्यांत दया जितकी असे तितकीच दूरदृष्टीहि असे. कारण अर्ध्या वाटेंत भोई पडले तर घाटांत एकटें राहावें लागणार तें त्यालाच. सेडन या नांवाची मोटार वापरणाऱ्यानें महिन्यांतून एकदां तरी तो पडदा असाच सारावा. पुढचें झांकण उचलावें, तेलाची पट्टी पुसून पाहावी, पाण्याची पातळी पाहावी, बॅटरीचीं टोंकें पाहावीं, आणि घरांतल्या मुलांनाहि दाराची ती गुप्त खीळ एकदां हातानें ओढावयास लावावी.